आजोबांच्या ट्रंकेतला जर्मन खंजीर: खरा की नकली, आणि आता त्याचं काय करू?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे फक्त वाचतो आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात गावचं जुनं घर उतरवलं. माळ्यावर आजोबांची काळी पत्र्याची ट्रंक होती, झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आणि नाव. आत डिस्चार्ज बुक, तीन पदकं (एक सहा टोकांचं, त्यावर 'इटली स्टार' असं लिहिलेलं), कसर लागलेला मफलर आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला हा खंजीर. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते. १९४४ आणि ४५ ला इटलीत होते, एवढं डिस्चार्ज बुकावरून कळतं. मी सहावीत असताना ते गेले. लढाईबद्दल घरात कधीच बोलले नाहीत.

खंजिराचं वर्णन देतो, फोटो खाली आहेत. पातं दुधारी, सरळ, पट्टीने मोजलं तर २६ सेंटिमीटर. त्यावर कसलंही ब्रीदवाक्य नाही. फक्त मुठीजवळ छोटी खूण आहे: मागच्या पायांवर बसलेली खार आणि तिच्या हातात तलवार. मूठ नारिंगी, पीळ दिल्यासारखी, तिला एक उभी चीर गेली आहे. मूठ आणि पात्याच्या मधल्या आडव्या पट्टीवर, म्हणजे गार्डवर, पंख पसरलेला गरुड आणि त्याच्या पंजात नाझींचं ते स्वस्तिकाचं चिन्ह. म्यान राखाडी, दाणेदार, दोन पट्ट्या आणि दोन कड्या असलेलं. गार्डच्या मागच्या बाजूला कुणीतरी बारीक हाताने एच. के. अशी दोन रोमन अक्षरं कोरली आहेत. टोक थोडं वाकलं आहे, आणि शेवटच्या इंचभर भागावर काळपट, घट्ट बसलेला चिकट थर आहे. तो कशाचा ते कळत नाही.

चुलतभाऊ म्हणतो नाझी वस्तू लाखांत जातात, विकून टाकू. मला काही सुचत नाही. जाणकारांनी सांगावं.

पोलादपान

कोयनाकाठ, धाग्याबद्दल आभार. बाकी सगळं नंतर, आधी एक हात जोडून विनंती. त्या खंजिराला काहीही लावू नका. पितांबरी नाही, चिंच नाही, ब्रासो नाही, खोबरेल तर मुळीच नाही. ऐंशी वर्षांत चढलेला जुनेपणाचा रंग एकदा घासून गेला की परत येत नाही. मी पंधरा वर्षं जुनी पाती बघतोय. चोरापेक्षा जास्त वस्तू घरच्यांच्या दिवाळीच्या साफसफाईने घालवल्या आहेत. तो काळा थरही राहू द्या.

तुम्ही वर्णन केलंय तो जर्मन भूदलाच्या अधिकाऱ्याचा खंजीर आहे, १९३५ साली मंजूर झालेला नमुना. लढाईत वापरायचं हत्यार नव्हे. गणवेशावर कमरेला लटकवून मिरवायची वस्तू, दुकानातून अधिकाऱ्याने पदरच्या पैशाने घ्यायची. म्हणून मागे मालकाची आद्याक्षरं सापडतात, ते संशयास्पद नाही. तलवारवाली खार ही झोलिंगेनच्या कार्ल आयकहॉर्न कारखान्याची खूण. प्रत्येक कारखान्याची अशी खूण होती: हॉलरचं थर्मामीटर, आल्कोसोचा तराजू, रॉबर्ट क्लासचे चोचीत चोच घातलेले दोन करकोचे.

आता खरा की नकली. मुठीवरची टोपी आट्यांवर बसवलेली असते, पण ती फिरवायचा प्रयत्न करू नका, चीर वाढेल. घरातलं साधं लोहचुंबक घ्या. म्यानाला चिकटलं पाहिजे, कारण आत पोलादी पत्रा असतो. गार्डला आणि टोपीला चिकटता कामा नये. मग भिंग घेऊन गरुडाची पिसं बघा. ती एकेक सुटी दिसतात का, की साबणाच्या वडीवरच्या छापासारखी बुजलेली? बारीक छिद्रं, बुडबुडे दिसतात का? आणि पातं जिथे गार्डला भिडतं तिथे चामड्याची किंवा फेल्टची पातळ चकती आहे का? एवढं सांगा, मग बोलू.

वुपरकाठ

गेली नऊ वर्षं डुसेलडॉर्फजवळ राहतो. झोलिंगेन इथून अर्ध्या तासावर, त्यामुळे बोलायचा मोह होतोय.

त्या गावाची ओळखच 'पात्यांचं शहर'. वुपर नदी डोंगरातून वळणं घेत जाते आणि तिच्या काठाकाठाने पाणचक्कीवर चालणारी धार लावण्याची घरं होती, त्यांना कोटन म्हणतात. बाल्कहाउजर कोटन हे त्यातलं एक जतन करून ठेवलंय. खाली पाण्याचं मोठं लाकडी चाक आणि वर ओल्या दगडांचा वास. धार लावणारे पिढ्यानपिढ्या त्या दगडांवर वाकून काम करायचे आणि दगडाच्या धुळीने त्यांच्या फुप्फुसांची वाट लागायची. ग्रेफ्राथ भागात एका जुन्या मठात पात्यांचं संग्रहालय आहे, इकडे आलात तर नक्की जा.

पहिलं महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणलं आणि या गावाचा तलवारीचा धंदा बसला. मग महामंदी. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि डिसेंबरात एसए या त्यांच्या तपकिरी गणवेशाच्या संघटनेसाठी खंजीर मंजूर झाला. मग एसएस (छावण्या चालवणारं हिटलरचं खास दल), मोटार दल, विमानदल, भूदल, नौदल, रेल्वे, श्रमसेवा, रेडक्रॉस, मुत्सद्दी, प्रत्येकाला वेगळा. हिटलर यूथच्या पोरांनासुद्धा सुरा, त्यावर 'रक्त आणि सन्मान' असं लिहिलेलं. बेकार पडलेल्या गावाला लाखांनी कामं मिळाली. आम्ही ज्याला 'दुर्मिळ नाझी खंजीर' म्हणतो त्यातले बहुतेक त्या अर्थाने दुर्मिळ नाहीतच. ती एका अख्ख्या गावाची रोजंदारी होती. आणि याच गावाने त्याची किंमतही मोजली: ४ आणि ५ नोव्हेंबर १९४४ ला ब्रिटिश विमानांनी झोलिंगेनचं मध्यवर्ती शहर जाळून टाकलं. ज्यूंच्या हत्याकांडाची आखणी करणाऱ्या आइशमनचा जन्मही इथलाच, १९०६ चा.

कोयनाकाठ

पोलादपान, सांगितल्याप्रमाणे केलं. चुंबक म्यानाला चटकन चिकटलं, गार्डला आणि टोपीला नाही. पिसं सुटी दिसतात, डाव्या पंखावर थोडी झिजली आहेत. बुडबुडे नाहीत. चकती चामड्याची आहे, चेपून कडक झालेली. भिंगातून काढलेले फोटो टाकले आहेत.

वुपरकाठ, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला.

पोलादपान

फोटो बघितले. प्रत्यक्ष हातात घेतल्याशिवाय मी शब्द देत नाही, पण मला तरी हा खराच वाटतो. खारीची खूण पात्यात आम्लाने कोरलेली आहे, ठोकून उठवलेली नाही. आद्याक्षरांच्या खाचांत आणि आजूबाजूला एकच मळ आहे. नव्याने कोरलं असतं तर खाच उजळ दिसली असती.

लाखांचं मात्र विसरा. टोक वाकलेलं, मुठीला चीर, असा भूदलाचा खंजीर परदेशी बाजारात काही शे डॉलरच्या घरात जातो. लाखांत जातात ते एसएसचे साखळीवाले आणि मानाचे म्हणून दिलेले. आणि नेमके तेच सगळ्यात जास्त नकली असतात.

जुनाबाजार

नकलीचा विषय निघालाच आहे तर माझी गोष्ट सांगतो, कुणाचा तरी फायदा होईल.

सात वर्षांपूर्वी मी एसएचा 'र्‍योम खंजीर' म्हणून एक घेतला. विक्रेत्याचं नाव सांगत नाही. त्या खंजिराची कथाच अशी आहे की माणूस भुलतो. एर्न्स्ट र्‍योम हा एसएचा प्रमुख, हिटलरचा जुना सोबती. १९३४ च्या फेब्रुवारीत त्याने जुन्या सदस्यांना खंजीर वाटले, लाखाहून जास्त. पात्याच्या एका बाजूला 'सर्व काही जर्मनीसाठी' आणि मागच्या बाजूला त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात 'मनःपूर्वक मैत्रीने, एर्न्स्ट र्‍योम'. पाच महिन्यांत हिटलरने त्यालाच मारलं. ३० जूनला धरपकड, १ जुलैला कोठडीत गोळी. मग हुकूम निघाला की पात्यावरचं ते नाव घासून काढा.

आता विचार करा. लाखभर माणसं, ज्यांच्या कमरेला काल मित्राची सही होती, ती आज घरी बसून कानशीने ती सही खरवडतायत. म्हणून आज जे मिळतात त्यातल्या बहुतेकांच्या मागे पातं पातळ झालेलं, ओरखडलेलं असतं. काहींनी फक्त नाव काढलं आणि 'मनःपूर्वक मैत्रीने' तसंच राहू दिलं. अक्षरं शाबूत असलेला क्वचित मिळतो, म्हणजे तो कुणीतरी जिवावर उदार होऊन लपवला. माझ्या दृष्टीने त्या काळाबद्दलची यापेक्षा बोलकी वस्तू नाही.

माझ्याकडे आलेला शाबूत होता, सगळी अक्षरं लख्ख. वर्षभर कपाटात ठेवून रोज बघायचो. मग एका जाणत्या माणसाने हातात घेतला आणि अर्ध्या मिनिटात खाली ठेवला. पात्यावर र्‍योमची सही होती आणि तिच्याखालीच आर.झेड.एम.चा शिक्का, सोबत साल १९३८. आर.झेड.एम. म्हणजे पक्षाच्या मालाची तपासणी करणारं खातं. त्यांचे ते क्रमांक र्‍योम मेल्यानंतर आले. १९३८ मध्ये मेलेल्या माणसाची सही कोण कोरणार? मी दोन्ही खुणा रोज बघत होतो, एकत्र वाचल्या मात्र कधीच नाहीत.

मग बाकीचंही दिसायला लागलं. अस्सल एसए पात्यावर पॉलिशच्या बारीक रेषा आडव्या जातात, पात्याच्या लांबीवर नाही. तिरक्या उजेडात धरलं की रेशमासारखं चमकतं. माझं आरशासारखं गुळगुळीत होतं. अस्सल मूठ एकेका खंजिराला हाताने घासून बसवलेली असते, लाकूड आणि धातूच्या सांध्यावरून नख फिरवलं तर अडकत नाही. माझ्यात नख अडकायचं.

पोलादपान

जुनाबाजार, मनापासून आभार. हे असं उघड लिहिणारे फार थोडे.

यात एक भर घालतो. नकलीचा इतिहास युद्ध संपल्या संपल्या सुरू होतो. अमेरिकन सैनिकांना आठवण म्हणून घरी न्यायला खंजीर हवे होते आणि कारखान्यांत सुटे भाग पडलेले होते. ते जोडून विकले गेले. पुढे साठच्या दशकात अमेरिकेतल्या एका विक्रेत्याने झोलिंगेनमधला उरलासुरला माल उचलला आणि त्यातून नवे खंजीर उभे केले. म्हणजे पातं खरं, गार्ड खरा, पण पुरी वस्तू हिटलर मेल्यावर जन्मलेली. याला काय म्हणायचं, यावर संग्राहकांत आजही भांडणं होतात. आणि सांगायला वाईट वाटतं, पण प्रतिकृतींचा मोठा पुरवठा आपल्या देशातून होतो. डेहराडूनकडे तलवारींच्या प्रतिकृती बनवणारे कसबी कारागीर आहेत. प्रतिकृती म्हणून विकली तर त्यात काहीच गैर नाही. पुढच्या हाताने ती अस्सल म्हणून खपवली की फसवणूक.

म्हणून कोयनाकाठ, तुमच्या वस्तूत मला सगळ्यात मोलाची वाटते ती ट्रंक. नंबर घातलेली ट्रंक, डिस्चार्ज बुक, इटली स्टार आणि खंजीर, चारही एका जागी. अमेरिकन घरांत असा खंजीर सापडला की सोबत वरिष्ठांच्या सहीचा कागद शोधतात, कारण लुटीची वस्तू घरी न्यायची परवानगी त्यावर असायची. तुमचा कागद म्हणजे ही ट्रंक. वेगवेगळं विकलंत तर चारही मुकी होतील.

रानजाई

धागा आवडीने वाचला, पण मनात आलं ते लिहिलंच पाहिजे. मी म्युनिकला मुलाकडे गेले होते तेव्हा नाझींची दाखाऊची छळछावणी बघून आले. दारावरचं 'काम मुक्त करतं' हे लोखंडी वाक्य, प्रेतं जाळायच्या भट्टीची खोली. परत येताना मुलगा आणि मी, कुणीच बोललो नाही. आणि इथे आपण पिसं सुटी आहेत का, पॉलिशच्या रेषा कुठल्या दिशेला जातात, याची चर्चा करतोय. कौतुक कसलं करतोय आपण? 'दुर्मिळ' हा शब्दच मला टोचतो. अशी वस्तू घरात ठेवूच नये असं माझं प्रामाणिक मत आहे.

जुनाबाजार

रानजाई ताई, तुमचा राग रास्त आहे. पण कोयनाकाठांचा खंजीर एसएसचा नाही, साध्या भूदलाच्या अधिकाऱ्याचा आहे. छावण्या चालवणारे वेगळे आणि सैन्यात भरती झालेले वेगळे, हा फरक तरी करायला हवा ना?

वुपरकाठ

जुनाबाजार, इथे मला तुम्हाला अडवावं लागेल. सैन्य स्वच्छ होतं आणि पाप फक्त एसएसचं, ही समजूत जर्मनीतही कित्येक वर्षं जोपासली गेली. १९३४ च्या ऑगस्टपासून सैनिकाची शपथ देशाची नव्हती, हिटलर या व्यक्तीची होती. सप्टेंबर १९४३ मध्ये केफालोनिया या ग्रीक बेटावर शरण आलेल्या हजारो इटालियन सैनिकांना गोळ्या घातल्या त्या भूदलाच्या पहाडी डिव्हिजनने. आणि आजोबा ज्या इटलीत लढत होते तिथेच, १९४४ च्या शरदात, मार्झाबोत्तोच्या डोंगरात एसएसने सातशेहून जास्त गावकरी मारले, पोरंबाळं धरून. एच. के. यातल्या कशात होता की नव्हता, आपल्याला माहीत नाही. पण गरुडाच्या पंजात ते चिन्ह उगाच नाही.

ताई, इथला कायदा तुमच्या बाजूचा आहे. दंडसंहितेच्या कलम ८६ अ नुसार ही चिन्हं चारचौघांत दाखवणं गुन्हा. जुन्या बाजारात अशी वस्तू आली तर चिन्हावर चिकटपट्टी लावलेली असते. अभ्यासाला, संग्रहालयाला, शिकवायला मुभा आहे. फ्रान्समध्ये २००० साली याहूच्या लिलावांवरून मोठा खटला झाला आणि त्यानंतर याहूने या वस्तूंची विक्री बंद केली. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून चिन्हांच्या व्यापारावरच बंदी आणली. मला स्वतःला वस्तू जपणं मान्य आहे, मिरवणं नाही. भिंतीवर लावू नका, पण नष्टही करू नका.

रानजाई

वुपरकाठ, हे पटलं. मिरवणं आणि जपणं यातला फरक मान्य. तरी माझ्या घरात नको, एवढं म्हणायचा हक्क राखून ठेवते.

नऊइंच

वकील आहे, फौजदारी बाजू बघतो. कुणी विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं.

भारतात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्र कायद्याच्या नियमांत मोडतात. स्वयंपाकाची, शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. तुमचं पातं २६ सेंटिमीटर, म्हणजे १० इंचांच्या वर. एसएचा खंजीर जेमतेम ९ च्या आत बसतो, भूदलाचा बसत नाही. परवाना कुठे लागतो हे त्या त्या भागातल्या अधिसूचनेवर ठरतं. म्हणून स्थानिक पोलीस ठाण्यात डिस्चार्ज बुकाची प्रत जोडून लेखी अर्ज द्या, वस्तू वारसाहक्काने आली असं लिहा आणि पोच घ्या. पिशवीत घालून गावभर दाखवत फिरू नका. आणि जे लोक बाहेरून असे खंजीर टपालाने मागवतात त्यांनी लक्षात ठेवावं, शस्त्राच्या आयातीला वेगळा परवाना लागतो.

पट्टेकरी

मी मराठा हत्यारांतला माणूस, नाझींतलं काही कळत नाही. पण झोलिंगेन हे नाव वाचून थांबलो. आपली 'फिरंग' आठवा. सरळ, लांब पातं, मूठ आपल्याकडची, पातं युरोपातून गलबतावर आलेलं. त्यातली कित्येक पाती जर्मन होती, काहींवर पळत्या लांडग्याची खूण असते, पासाऊ आणि झोलिंगेनच्या कारागिरांची. म्हणजे याच नदीकाठच्या दगडांवर धार लावलेलं पोलाद तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी सह्याद्रीत लढलं आहे. कोयनाकाठ, तुमच्या खंजिराच्या गावाशी आपली ओळख जुनी आहे.

आणि आजोबांच्या पलटणीबद्दल: इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मरणोत्तर. शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदीवर. डिस्चार्ज बुकात बटालियनचा आकडा बघा. घाडगे तिसऱ्या बटालियनचे, जाधव पहिल्या.

कोयनाकाठ

उशिरा लिहितोय, माफी असावी. मध्ये आत्याकडे कराडला जाऊन आलो. आत्या ८१ वर्षांच्या आहेत, पण स्मरण पक्कं. बटालियन पहिली. म्हणजे सेनिओवर आजोबा होते असं धरायला जागा आहे.

खंजिराचा फोटो मोबाइलवर दाखवला तर आत्या लगेच म्हणाल्या, "ही तर आईची गुळाची सुरी." आजीने तो कायम फडताळात ठेवला होता. ढेप आली की याच टोकाने फोडायची. टोक वाकलं ते एका दिवाळीला, ढेप फार कडक निघाली म्हणून. तो काळा थर गुळाचा आहे. आजोबा त्यावर काही बोलले नाहीत, नुसतं बघून बाहेर गेले. पुढे आजी गेली तेव्हा त्यांनी तो तसाच धोतरात गुंडाळून ट्रंकेत टाकला.

कुठून आणला, ते त्यांनी आत्याला एकदाच सांगितलं होतं. शरण आलेल्यांची रांग होती. एकेक जण पुढे येऊन कमरेचं सोडून टाकत होता. त्याचा ढीग झाला होता, गवताच्या गंजीएवढा. त्यातून हवालदारांनी एकेक वस्तू उचलली. एच. के. कोण, त्यांनी पाहिलंही नसेल.

हे सगळं मी आत्यांच्या शब्दांत लिहून घेतलं, तारीख घातली, त्यांची सही घेतली. कागद ट्रंकेत ठेवला. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पोच मिळाली. चुलतभावाने कागद वाचला आणि विकायचा विषय परत काढला नाही. थर काढत नाही.

निघताना आत्यांनी विचारलं, ट्रंकेत पितळी अडकित्ता होता का, मोराच्या आकाराचा. तो आईचा होता. नव्हता. उतरवलेल्या घराचं सामान अजून गोठ्यात पडलंय, रविवारी जाऊन बघतो.